ओंजळभर उजेड आणि खिशातला कॅमेरा

आषाढातली कर्जतजवळची पळसदरी ही मोबाइलच्या कॅमेऱ्यासाठी अवघड जागा आहे. ढग डोंगराच्या कमरेपर्यंत उतरलेले असतात आणि दुपारचे तीन वाजले असले तरी दिवेलागण झाल्यासारखे वाटते. एकीकडे धबधब्याचे फेसाळते पांढरेशुभ्र पाणी, दुसरीकडे झाडीखालचा गच्च काळोख, मध्ये छत्रीच्या सावलीतला चेहरा आणि मागे घाटाकडे निघालेली गाडी. व्यावसायिक छायाचित्रकार अशा वेळी तिपाई उघडतो, मोठी लेन्स चढवतो आणि मगच बटणाला हात लावतो. खोपोली लोकलमधून उतरलेली कॉलेजची पोरे मात्र खिशातून फोन काढतात, काचेवर बोट टेकवतात आणि पुढच्या क्षणी एकमेकांना फोटो दाखवू लागतात. पाण्याचा फेस दिसतो, पाने हिरवी दिसतात, चेहराही उजळ येतो.

वीस वर्षांपूर्वीच्या फोनने याच जागी, याच पावसात करड्या ठिपक्यांचा एक चौकोन हाती दिला असता. मधल्या काळात काय घडले, हे जाहिरातींवरून कळत नाही. जाहिरातींत मेगापिक्सेलचे आकडे चढत जातात आणि आपल्याला ती आकड्यांची शर्यत वाटते. खरी झुंज होती ती उजेडाच्या टंचाईशी. बोटाएवढ्या जाडीच्या फोनमध्ये पुरेसा उजेड शिरणार कसा, या एकाच प्रश्नाभोवती फोनच्या कॅमेऱ्याचा सगळा विकास फिरत आला आहे. त्या प्रश्नाची उत्तरे कळली, की आपल्या हातातल्या फोटोवर कुठवर विश्वास ठेवायचा हेही कळते.

ओल्या काचेवरचा बोरघाट

पळसदरीचा परिसर कॅमेऱ्याला नवा नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली आणि १८५६ मध्ये रूळ पळसदरीवरून खोपोलीपर्यंत येऊन पोहोचले. पुढे सह्याद्रीची भिंत होती. बोरघाटात ३७ फुटांमागे एक फूट असा चढ काढत, बोगदे आणि पूल बांधत रेल्वे वर नेली गेली आणि २१ एप्रिल १८६३ रोजी घाटमार्ग खुला झाला. या कामाची त्या काळी काढलेली छायाचित्रे आजही संग्रहांत आहेत. मुंबईत छायाचित्रणाची हौस तेव्हा नुकतीच रुजत होती. १८५४ मध्ये बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिथल्या आरंभीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक होते.

त्या काळची पद्धत ओल्या काचेची. काचेवर कोलोडियनचा थर द्यायचा, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि सुकण्याआधी धुऊन काढायची. त्यासाठी छायाचित्रकाराबरोबर काळोखी राहुटी, रसायनांच्या बाटल्या आणि काचांच्या पेट्या घाटात चढत. उजेड पुरेसा गोळा व्हावा म्हणून झाकण काही सेकंद उघडे ठेवावे लागे. तेवढ्यात कोणी हलले, की त्याच्या जागी धुरकट पट्टा उमटे. उजेड कमी असेल तर जास्त वेळ थांबा आणि थांबलात तर हलणारे पुसट होणार, ही छायाचित्रणाची आदिम अडचण. फोनच्या कॅमेऱ्यालाही तीच वारशाने मिळाली.

भांडे केवढे?

फोनच्या लेन्समागे नखाएवढी सिलिकॉनची चकती असते. तिला सेन्सर म्हणतात. तिच्यावर लाखो किंवा कोट्यवधी सूक्ष्म चौकोन असतात आणि प्रत्येक चौकोन म्हणजे एक पिक्सेल. प्रकाशाचे कण, म्हणजे फोटॉन, चौकोनावर पडले की तिथे विद्युतभार साठतो. कुठे किती भार साठला याची मोजणी म्हणजेच फोटो. पागोळ्यांखाली भांडी मांडून ठेवावीत आणि पाऊस थांबल्यावर कोणत्या भांड्यात किती पाणी आले ते पाहावे, तसा हा हिशेब आहे. रंग ओळखण्यासाठी प्रत्येक चौकोनावर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी बसवलेली असते. कोडॅक कंपनीच्या ब्राइस बायर यांनी सुचवलेल्या या मांडणीचे पेटंट १९७६ मधले. हिरव्या गाळण्या लाल किंवा निळ्या गाळण्यांच्या दुप्पट असतात, कारण आपला डोळा हिरव्याच्या आसपास सर्वांत तरतरीत असतो.

अडचण भांड्याच्या आकारात आहे. व्यावसायिक कॅमेऱ्यातला पूर्ण आकाराचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर असतो. काही वर्षांपूर्वीच्या चांगल्या फोनमधला सेन्सर जेमतेम २५ चौरस मिलिमीटरचा होता, सुमारे ३५ पट लहान. उजेड भरपूर असला तर हा फरक खपून जातो. ढगाळ दिवशी तो लगेच उघडा पडतो, कारण फोटॉन ठरावीक लयीत येत नाहीत, ते पावसाच्या थेंबांसारखे कमी-जास्त पडतात. सरासरी १०० फोटॉन अपेक्षित असतील तर प्रत्यक्षात १० इकडे-तिकडे होतात, म्हणजे १० टक्के गडबड. अपेक्षा १०,००० ची असेल तर गडबड १०० ची, म्हणजे अवघा १ टक्का. अंधाऱ्या फोटोत दिसणारे रंगीबेरंगी कण बहुतांशी ही गडबड असते. आता २५ चौरस मिलिमीटरच्या त्याच चकतीवर १ कोटीऐवजी ५ कोटी चौकोन आखले, तर प्रत्येकाच्या वाट्याला उजेड पाचवा हिस्साच येणार. मेगापिक्सेलचा आकडा वाढला म्हणून एकूण उजेड वाढत नाही.

३ लाख ठिपक्यांपासून

डिजिटल छायाचित्रणाची सुरुवात सीसीडी सेन्सरने झाली. बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी तो शोधला आणि २००९ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. पण सीसीडीला वीज जास्त लागे. फोनच्या खिशात मावेल असा कॅमेरा शक्य केला तो सीमॉस सेन्सरने. अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेत एरिक फॉसम यांनी १९९० च्या दशकात अवकाशयानांसाठी लहान, कमी वीज खाणारे कॅमेरे हवेत म्हणून त्यावर काम केले. ज्या तंत्राने संगणकाचे भाग घडवले जातात त्याच तंत्राने हा सेन्सर बनतो, म्हणून तो स्वस्तही झाला.

११ जून १९९७ रोजी फिलिप कान यांनी कॅलिफोर्नियातल्या रुग्णालयात डिजिटल कॅमेरा, फोन आणि लॅपटॉप यांची जोडणी करून आपल्या नवजात मुलीचा फोटो अनेकांना पाठवला. १९९९ मध्ये जपानात क्योसेराचा व्हीपी-२१० आणि नोव्हेंबर २००० मध्ये शार्पचा जे-एसएच०४ विकायला आला. दोन्हींत सुमारे १ लाख १० हजार पिक्सेल. २००२ मध्ये नोकियाचा ७६५० बाजारात आला तो ६४० बाय ४८० ठिपक्यांचा, म्हणजे साधारण ३ लाख. आपल्याकडे पुढे घरोघरी दिसलेल्या नोकिया ६६०० चा कॅमेराही तेवढाच. त्या फोटोत माणूस ओळखू येई, पण मागचा डोंगर कोणता हे सांगावे लागे.

यानंतरची दहा वर्षे फोनने साध्या कॅमेऱ्याचे एकेक अवयव उचलले. २००५ मध्ये सोनी एरिक्सनच्या के७५०आयने २ मेगापिक्सेलबरोबर आपोआप फोकस आणला. त्याच वर्षी नोकियाच्या एन९० वर कार्ल झाइसची लेन्स आली. २००७ मध्ये विक्रीला आलेल्या एन९५ ने ५ मेगापिक्सेल गाठले. या वाटेचे टोक म्हणजे २०१२ चा नोकिया ८०८ प्युअरव्ह्यू. ४१ मेगापिक्सेलचा आकडा ऐकून जग थक्क झाले, पण त्याचे मर्म होते त्याच्या सेन्सरमध्ये. त्या काळच्या इतर फोनांच्या सेन्सरपेक्षा तो कितीतरी मोठा होता आणि अनेक पिक्सेलांची मोजणी एकत्र करून तो ५ किंवा ८ मेगापिक्सेलचा नितळ फोटो देई. पुढे सगळ्यांनीच हा मार्ग धरला. आज ४८ मेगापिक्सेलचा फोन ४ चौकोन मिळून एक धरतो आणि १२ मेगापिक्सेलचा फोटो देतो. २०० मेगापिक्सेलचा फोन बहुधा १६ चौकोनांची बेरीज करतो. म्हणजे आधी भांडी बारीक करायची आणि मग त्यांतले पाणी एकत्र ओतायचे. भरपूर उजेडात बारीक तपशील आणि कमी उजेडात मोठ्या भांड्याचा फायदा, असा दुहेरी लाभ त्यातून मिळतो.

जाडीचा जाच

मग सेन्सर आणखी मोठा का करत नाहीत? कारण सेन्सर वाढला की तेवढेच दृश्य त्यावर पसरवण्यासाठी लेन्सही लांब न्यावी लागते आणि फोन जाड होतो. नोकिया ८०८ कॅमेऱ्याच्या जागी सुमारे १८ मिलिमीटर जाड होता. आज एक इंच म्हणवणारे, प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचे सेन्सर काही महागड्या फोनांत आले आहेत आणि त्या फोनांच्या पाठीवर भलामोठा गोल उंचवटा दिसतो तो याचमुळे.

जवळचे-दूरचे साधण्यासाठी साध्या कॅमेऱ्यात लेन्सची नळी मागे-पुढे होते. फोनमध्ये नळीला जागाच नाही. म्हणून एका लेन्सऐवजी दोन, तीन, चार कॅमेरे आले. २०१६ मध्ये आयफोन ७ प्लसने दूरचे पाहणारा दुसरा कॅमेरा दिला. २०१८ मध्ये हुआवेच्या पी२० प्रोवर तीन कॅमेरे आले. २०१९ मध्ये याच कंपनीच्या पी३० प्रोने लेन्सची नळी फोनमध्ये आडवी निजवली. खिडकीतून आत आलेला उजेड लोलकावर आपटून काटकोनात वळतो आणि फोनच्या रुंदीत धावत सेन्सरपर्यंत जातो. पाणबुडीतल्या पेरिस्कोपचे तत्त्व तेच. फोन जाड न करता ५ पट जवळचे दृश्य त्यातून मिळाले. पळसदरीच्या फलाटावर उभे राहून सोनगिरी किल्ल्याचा माथा जवळ आणता येतो तो या आडव्या नळीमुळे.

गणित मदतीला आले

भांडे मोठे करण्याला मर्यादा आहे आणि जास्त वेळ थांबलो तर हात हलतो. तिसरा मार्ग गणिताने काढला. एक लांब फोटो घेण्याऐवजी पाठोपाठ बरेच छोटे फोटो घ्यायचे आणि त्यांची सरासरी काढायची. यदृच्छेने होणारी गडबड दर फोटोत वेगळी असते, म्हणून सरासरीत ती एकमेकींना खोडते. ९ फोटोंची सरासरी घेतली तर गडबड एक तृतीयांश होते. गूगलने २०१३ मध्ये नेक्सस ५ वर आणलेल्या एचडीआर प्लसची मांडणी अशीच होती आणि २०१८ च्या अखेरीस आलेल्या नाइट साइटने तीच युक्ती अंधारात नेली. मार्क लेव्हॉय या संशोधकाचा या कामात मोठा वाटा होता.

पळसदरीच्या धबधब्याचा फोटो चांगला येतो तो या युक्तीने. फोन मुद्दाम कमी उजेडाचे फोटो घेतो, म्हणजे पांढऱ्या पाण्यातला तपशील जळून जात नाही. अशा फोटोत झाडी आणि चेहरे काळवंडतात. पण अनेक फोटोंची सरासरी घेतल्यामुळे त्या काळोखातली गडबड आधीच निवळलेली असते, म्हणून तो भाग मागाहून उजळवता येतो. हे सगळे बोट उचलायच्या आत घडते. बहुतेक चांगल्या फोनांत कॅमेरा उघडल्यापासूनच फ्रेम साठत असतात आणि आपण बटण दाबतो तेव्हा आधीच्या काही फ्रेमही हिशेबात घेतल्या जातात.

याची खूण फोटोतच सापडते. धबधब्याचा फोटो बोटांनी ताणून मोठा करून पाहा. कातळ गुळगुळीत, नितळ दिसेल. शेजारी वाऱ्याने हललेली पाने मात्र कणीदार किंवा लिंपल्यासारखी दिसतील. कातळ सगळ्या फ्रेममध्ये एकाच जागी होता, म्हणून त्याची सरासरी नीट जमली. पाने दर फ्रेममध्ये सरकलेली होती, म्हणून तिथे फोनला एकदोन फ्रेमवर भागवावे लागले.

गणिताने कॅमेरा घडवण्याच्या या विद्येत महाराष्ट्राचे नाव ठळक आहे ते रमेश रासकर यांच्यामुळे. नाशिकचे रासकर पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले आणि पुढे एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये कॅमेरा कल्चर हा गट चालवू लागले. त्याआधीच, २००६ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर एक वेगळाच शटर मांडला. धावत्या गाडीचा फोटो घेताना शटर एकदाच न उघडता तो ठरलेल्या सांकेतिक क्रमाने अनेकदा उघड-बंद करायचा. मग गाडी पुसट आली तरी त्या क्रमाच्या आधारे गणिताने ती पुन्हा रेखीव करता येते. २०११ मध्ये त्यांच्या गटाने सेकंदाला सुमारे १ लाख कोटी फ्रेम एवढ्या वेगाने प्रकाशाचा प्रवास चित्रित करून दाखवला. फोनच्या पडद्यावर जोडायच्या साध्या उपकरणाने चष्म्याचा नंबर काढण्याची त्यांची नेत्र ही कल्पनाही याच विद्येतली. २०१६ मध्ये त्यांना लेमेलसन-एमआयटी पुरस्कार मिळाला. लेन्स, सेन्सर आणि गणित यांचा एकत्र विचार करायचा, हा या सगळ्या कामाचा पाया आहे आणि आजचा फोन त्याच पायावर उभा आहे.

गाडीच्या तिरक्या खिडक्या

कर्जतला मागून रेटा देणारी बँकर इंजिने जोडून गाड्या घाटाकडे निघतात. पळसदरीला त्यांचे फोटो काढायला रेल्वेप्रेमी आवर्जून येतात. झपाट्याने जाणाऱ्या गाडीच्या फोटोत कधी कधी खिडक्या आणि दारे एका बाजूला झुकलेली दिसतात. डबा सरळच असतो. फोनचा सेन्सर सगळे ठिपके एकदम वाचत नाही, वरची ओळ आधी आणि खालची नंतर असा वाचत जातो. समजा पूर्ण वाचायला सेकंदाचा पन्नासावा भाग लागला आणि गाडी ताशी ७२ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला २० मीटरने धावते आहे. वरची ओळ वाचून खालची वाचेपर्यंत गाडी ४० सेंटिमीटर पुढे गेली. चौकटीच्या तळाचा भाग तेवढा सरकून उमटला. फोटो म्हणजे एक गोठलेला क्षण असे आपण समजतो, पण त्या चौकटीत वर एक क्षण आणि खाली दुसरा क्षण असतो.

नोंद कुठवर, अंदाज कुठून?

इथवरच्या सगळ्या युक्त्या खऱ्या उजेडाची नोंद सुधारणाऱ्या आहेत. त्यापुढे फोन अंदाज बांधू लागतो. पोर्ट्रेट मोडमध्ये चेहऱ्यामागचे धूसरपण लेन्सने आलेले नसते. माणूस कुठे संपतो आणि मागचे दृश्य कुठे सुरू होते, हे फोन अदमासाने ठरवतो आणि मागचे पुसट करतो. भुरभुरणारे केस आणि छत्रीच्या काड्या तिथे हमखास कापल्या जातात. खूप झूम केल्यावर न दिसलेला तपशील फोन शिकलेल्या नमुन्यांवरून भरतो. २०२३ मध्ये सॅमसंगच्या फोनांनी काढलेल्या चंद्राच्या फोटोंवरून वाद झाला तो यावरूनच. चंद्रावरचा तपशील लेन्समधून आला की आधीच ठाऊक असलेल्या चंद्रावरून रंगवला गेला, असा तो प्रश्न होता.

सहलीच्या फोटोत झाडे जरा जास्त हिरवी दिसली तर कोणाचे बिघडत नाही. पण फोनचा फोटो आता पुरावाही झाला आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच्या खाचरात उभा राहून पिकाचा फोटो काढतो. फोटोबरोबर ठिकाणाची नोंद जाते आणि त्यावरून सातबाऱ्यावर पीक चढते. कर्जत-खालापुरातल्या भातशेतीसाठीही हीच पद्धत आहे. अतिवृष्टीत खाचर वाहून गेले, घराची भिंत खचली, तर नुकसान दाखवायला हाताशी पहिला असतो तो फोनच. अशा फोटोत नोंद हवी, अंदाज नको. म्हणून पुराव्याचा फोटो काढताना सुशोभन बंद ठेवावे, पोर्ट्रेट मोड टाळावा, झूम करण्यापेक्षा सुरक्षित असेल तिथवर जवळ जावे, आणि मूळ फोटो न कापता, न रंगवता जपून ठेवावा. व्हॉट्सॲपवरून साधेपणाने पाठवलेल्या फोटोतला बराच तपशील दाबला जातो आणि वेळ-ठिकाणाची नोंदही गळते, हेही ध्यानात असावे.

दुकानात आणि दरीकाठी

नवा फोन घेताना मेगापिक्सेलचा आकडा शेवटी विचारावा. आधी मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर केवढा आहे ते विचारावे. हात हलला तरी लेन्स सावरून धरणारी व्यवस्था, म्हणजे ओआयएस, आहे का ते पाहावे. झूम खऱ्या लेन्सचा आहे की नुसता चित्र ताणण्याचा, याची चौकशी करावी. काही स्वस्त फोनांत २ मेगापिक्सेलची जादा कॅमेरे केवळ संख्या वाढवायला लावलेले असतात, त्यांना भुलू नये. दुकानातल्या लखलखाटात सगळेच फोन चांगले फोटो काढतात. फोन टेबलाखालच्या काळोखात धरून एक फोटो काढून पाहावा, त्याचा कस तिथे लागतो.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. सेल्फीच्या रुंद लेन्समध्ये मागचे दृश्य लहान आणि लांब दिसते. ते मोठे दिसावे म्हणून माणूस एकेक पाऊल मागे, कड्याकडे, पाण्याकडे, रुळाकडे सरकत जातो. पावसाळ्यात कर्जत-खालापुरातल्या धबधब्यांवर आणि धरणांवर प्रशासनाला वेळोवेळी बंदीचे आदेश काढावे लागतात, त्यामागे बुडालेल्या आणि घसरलेल्या पोरांची दुःखे आहेत. रुळावर उतरणे हा रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमाखाली गुन्हा आहे, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. खरे तर असे मागे सरकायची गरजच उरलेली नाही. सोबत्याच्या हाती फोन द्या, त्याला दहा-पंधरा पावले मागे पाठवा आणि लांबच्या लेन्सने फोटो काढायला सांगा. त्या लेन्समध्ये मागचा धबधबा मोठा दिसतो, आणि तुम्ही भक्कम जमिनीवर उभे असता. दूर राहूनही जवळचे दाखवता यावे यासाठी एवढ्या लोकांनी एवढे कष्ट घेतले आहेत. त्या कष्टांचा फायदा घेणे आपल्या हातात आहे.